कुपोषणातून उठणाऱ्या मुलाची कातडी: प्रथिनांची भर कधी, किती आणि कशातून

पोषण पुनर्वसन केंद्रातून मूल घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठला डबा आणू?" मांडीवरच्या कातडीचे पोपडे अजून पुरते गेलेले नसतात, केस भुरे आणि विरळ असतात. मेडिकलवाला तोवर चॉकलेटच्या वासाची प्रोटीन पावडर काउंटरवर काढून ठेवतो. प्रथिनं कमी पडली म्हणून कातडी बिघडली, तेव्हा प्रथिनं ओतली की ती सुधारेल, असा सरळ हिशोब मांडला जातो. तो अर्धाच बरोबर आहे, आणि चुकीच्या अर्ध्यापायी मुलं दगावू शकतात.

पुढचं सगळं मुख्यतः सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या, तीव्र कुपोषणातून सावरणाऱ्या मुलांसाठी आहे. लांबलेल्या आजारपणातून किंवा टीबीतून उठणाऱ्या मोठ्या माणसांसाठीचा भाग शेवटाकडे येईल.

आधी कातडीचं झालंय काय

कातडीचा वरचा थर सतत नवा होत असतो. खालच्या पेशी वर येतात, सुकतात आणि झडून जातात. या फेऱ्याला निरोगी माणसात साधारण चार आठवडे लागतात. म्हणजे कातडी हे शरीरातलं रात्रंदिवस चालणारं बांधकाम आहे, आणि अन्न तुटलं की शरीर सर्वात आधी असली बांधकामं थांबवतं. त्यासाठी लागणारा माल म्हणजे फक्त प्रथिनं नव्हेत. पेशी विभागायला जस्त लागतं, कातडीतून पाणी झिरपू नये म्हणून तेलातलं लिनोलेइक आम्ल लागतं, थर नीट घडायला अ जीवनसत्त्व लागतं, आणि हे सगळं चालवायला इंधन म्हणजे उष्मांक लागतात.

सुजेच्या कुपोषणात, म्हणजे क्वाशिओरकॉरमध्ये, कातडीवर आधी गडद, काळपट, चकाकणारे चट्टे उठतात. जांघा, ढुंगण, मांड्यांचा मागचा भाग, गुडघ्यामागची घडी, काखा, कानांच्या मागे, म्हणजे जिथे घासतं, दाबतं किंवा ओल राहते, तिथे ते जास्त असतात. मग हे चट्टे कडांनी उचलतात आणि सोलवटतात. खाली फिकी, ओलसर, भाजल्यासारखी कातडी उघडी पडते. ती भाजल्यासारखीच वागते. तिच्यातून पाणी आणि ऊब निघून जाते आणि जंतू आत शिरतात.

इथे घरोघरी दोन गैरसमज होतात. एक म्हणजे सुजेला बाळसं समजलं जातं. गाल भरलेले, पाय गुटगुटीत, मग पोर कुपोषित कसं, असं आजी म्हणते. दुसरा म्हणजे चट्ट्यांना गजकर्ण किंवा इसब समजून दुकानातली मिश्र ट्यूब चोळली जाते. त्या ट्यूबांमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड आधीच पातळ झालेली कातडी आणखी पातळ करतं. मेळघाटासारख्या भागात पोट फुगलेल्या लेकरांना तापल्या लोखंडाचे चटके, म्हणजे डंभा, देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. कुपोषित मुलाला चटका म्हणजे जंतूंसाठी उघडं ठेवलेलं दार. हे घरच्यांवर डाफरून सांगितलं तर कोणी ऐकत नाही. भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, जा, पण आधी केंद्रात चला, असं म्हणणारी आशाताई जास्त मुलं वाचवते.

डब्याचा मोह जुना आहे

१९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतली नाझींची बेल्सेनची छळछावणी मोकळी झाली, तेव्हा उपासमारीनं अस्थिपंजर झालेल्या माणसांवर ब्रिटिश डॉक्टरांनी प्रोटीन हायड्रोलायसेट, म्हणजे आधीच पचवून तयार केलेली प्रथिनं, देऊन पाहिली. त्याहून बरं काम केलं ते थोडं थोडं करून पाजलेल्या दुधानं. पुढे १९५० आणि ६० च्या दशकांत जगभर "प्रथिनांची दरी", म्हणजे गरिबांना प्रथिनंच कमी पडतात, हा परवलीचा शब्द झाला आणि प्रथिनयुक्त पिठं आणि पावडरी काढण्याची लाट आली.

त्या लाटेला आकड्यांनी अडवणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत होते. त्यांचं म्हणणं असं, की गरिबाच्या ताटात मुळात अन्नच कमी आहे. पोटभर अन्न नसेल तर वरून दिलेली प्रथिनं शरीर इंधन म्हणून जाळून टाकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांनाही सुजलेल्या आणि वाळलेल्या कुपोषित मुलांच्या आधीच्या आहारात प्रथिनांचा ठळक फरक आढळला नव्हता. सूज का येते यावर आजही वाद आहेत. पण उष्मांकांशिवाय दिलेलं प्रोटीन म्हणजे चुलीत घातलेलं सागवान, एवढं पक्कं आहे.

पायरी १: अंगठा पायावर ठेवा

मुलाच्या दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं तीन सेकंद दाबा आणि सोडा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सुजेची खूण. मग वजन किती आहे, गाल कसे आहेत, याला अर्थ नाही. हे तीव्र कुपोषण आहे. सूज नसेल तर अंगणवाडीत दंडघेर मोजून घ्या. ११.५ सेंटिमीटरच्या आत आला तर मूल सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात. ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मॅम, म्हणजे मध्यम कुपोषण.

सूज, सोलवटलेली किंवा भेगा पडलेली कातडी, ताप, अंग थंड पडणं, जुलाब-उलट्या, सुस्ती, किंवा भूक मेलेली, यांतलं काहीही असेल तर ते मूल घरी किंवा गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात ठेवायचं नाही. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रातच न्यायला हवं. तिथे आईला मुलासोबत राहता येतं आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही मिळते. हे आधी सांगितलं तर निम्मी घासाघीस वाचते. भात लावणीच्या दिवसांत घरातली बाई पंधरा दिवस केंद्रात बसणार म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच ही रक्कम किती महत्त्वाची ते कळतं.

भूक मेलेल्या मुलाला घरी जबरदस्तीनं अंडं, पावडर, पेढा भरवणं ही या टप्प्यावरची सर्वात धोक्याची गोष्ट आहे.

पायरी २: पहिला आठवडा प्रथिनं कमीच

हे पालकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

उपाशी शरीरात यकृत, मूत्रपिंड आणि हृदय, सगळ्यांनी काम आटोपतं घेतलेलं असतं. एकदम भरपूर प्रथिनं आली तर यकृताला त्यांचा निचरा करता येत नाही, मूत्रपिंडांना कचरा बाहेर टाकता येत नाही. शिवाय अचानक भरपूर अन्न आलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत खेचलं जातं, रक्तातली पातळी कोसळते आणि हृदय दगा देतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

म्हणून केंद्रात आधी एफ-७५ नावाचं पातळ दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक आणि जेमतेम ०.९ ग्रॅम प्रथिनं असतात. किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर, आणि सूज जास्त असेल तर १०० मिलिलिटर. सात किलोच्या मुलाला १३० च्या हिशोबानं दिवसभरात ९१० मिलिलिटर दूध आणि सुमारे ८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. "नुसतं दूधपाणी देतात, पोराला काही खायलाच देत नाहीत," ही तक्रार प्रत्येक वॉर्डात ऐकू येते. त्यात भर म्हणजे सूज उतरायला लागली की वजनही उतरतं. वजनकाटा खाली गेला की घरचे पिशवी भरायला लागतात. ते उतरलेलं वजन पाण्याचं असतं, आणि याच दिवसांत मूल खरं तर सुधारत असतं.

याच काळात पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबं आणि जीवनसत्त्वं दिली जातात, आणि कातडीचं खरं बांधकाम इथूनच सुरू होतं. जस्ताचा डोस किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅम. केंद्रातल्या दुधात खनिजांचं मिश्रण आधीच असेल तर वेगळी गोळी लागत नाही, तेव्हा जुलाबासाठी घरी उरलेल्या जस्ताच्या गोळ्या आपल्या मनानं चालू ठेवू नका. फार दिवस जास्त जस्त दिलं की शरीरातलं तांबं कमी होतं. लोहाचं औषध या टप्प्यात देत नाहीत. भूक परतली आणि वजन चढू लागलं की मगच. "रक्त कमी आहे" म्हणून लोहाचं सिरप आधीच सुरू केलेलं असेल तर डॉक्टरांना सांगा, ते थांबवतील.

अंगावर पिणारं मूल असेल तर स्तनपान सुरूच ठेवायचं.

पायरी ३: उघडी कातडी राखणं

पोटातून मिळणारं अन्न कातडीपर्यंत पोचायला दिवस लागतात. तोवर उघडी कातडी बाहेरून राखायची.

केंद्रात सोलवटलेला भाग ०.०१ टक्के पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं दिवसातून दहा मिनिटं भिजवतात. म्हणजे दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम, पाणी फिकट गुलाबी दिसेल इतपत. हे घरी अंदाजानं करू नका. न विरघळलेला एक खडा कातडीला लागला तरी भाजतं. भिजवून झालं की टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. मग उघड्या भागावर झिंक आणि एरंडेलाचं मलम किंवा साधं पेट्रोलियम जेलीचं बोट. बुरशी किंवा पू दिसला तर औषध डॉक्टर ठरवतील. अशा मुलाला प्रतिजैविकं बहुतेक वेळा लागतातच, कारण कुपोषित शरीर तापसुद्धा नीट काढू शकत नाही आणि संसर्ग लपून राहतो.

घरी करण्याजोगं बरंच आहे. डायपर बंद. सुती, सैल झबलं, आणि शी-शू झाली की लगेच स्वच्छ करून वाऱ्यावर कोरडं. मुलाची नखं कापलेली, आणि आईचीही. एकाच कुशीवर तासन्‌तास झोपू द्यायचं नाही. खोली गरम, डोक्याला टोपी, आणि जमेल तितका वेळ आईच्या उघड्या छातीशी, गोधडीत. उघड्या कातडीतून ऊब निघून जाते आणि थंड पडलेलं कुपोषित मूल फार लवकर हातातून जातं, म्हणून पहिल्या दिवसांत डोक्यावरून घंगाळभर पाणी ओतून अंघोळ नको.

डाळीचं पीठ, उटणं, हळदीचा लेप, राख, कोरफड, यांतलं काहीही उघड्या कातडीवर नको. रोजचं मालीश जखमा भरेपर्यंत थांबवा. नंतर शाबूत कातडीवर हलक्या हातानं खोबरेल किंवा सूर्यफुलाचं तेल लावा. मोहरीचं तेल नाजूक कातडीला चुरचुरतं, ते टाळलेलं बरं.

पायरी ४: भूक आली की चढवत न्या

मूल वाटीकडे हात करू लागलं, सूज उतरू लागली, की दूध बदलतं. एफ-१०० मध्ये १०० मिलिलिटरला १०० उष्मांक आणि २.९ ग्रॅम प्रथिनं असतात. आता लक्ष्य किलोमागे दिवसाला १५० ते २२० उष्मांक आणि ४ ते ६ ग्रॅम प्रथिनं. निरोगी मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात हे लक्षात घेतलं, तर हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. पण तो या टप्प्यावर, एवढ्या उष्मांकांसोबतच चालतो. तेच ६ ग्रॅम पहिल्या दिवशी दिले तर विष. सुधारणा चांगली असेल तर केंद्रात वजन दिवसाला किलोमागे १० ग्रॅमच्या वर चढतं, म्हणजे सात किलोच्या मुलाचं रोज ७० ग्रॅम.

पायरी ५: घरचं ताट

केंद्रातून सुट्टी मिळाली, आता घरी काय? घरच्या अन्नासाठी एकच कसोटी लक्षात ठेवा: शिजलेल्या १०० ग्रॅम अन्नात साधारण १०० उष्मांक आणि २ ते ३ ग्रॅम प्रथिनं, आणि दिवसातून किमान पाच वेळा.

डाळीचं पाणी या कसोटीला उतरत नाही. वरणावरचं निवळ म्हणजे मीठ-हळदीचं पाणी, डाळ खाली पातेल्यातच राहते. भाताची पेजही तशीच. मुलाचं पोट लहान असतं, ते पाण्यानं भरलं की घासाला जागा उरत नाही.

त्यापेक्षा हे करा. तांदूळ ३० ग्रॅम, मूगडाळ १५ ग्रॅम, दोन्ही कोरडे भाजून भरड काढलेले. त्यात भाजक्या शेंगदाण्यांचं बारीक कूट १० ग्रॅम, गूळ १० ग्रॅम आणि वरून तेल किंवा तूप चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. पाण्यात शिजवून साधारण ३०० ग्रॅम मऊ खिमट होतं. हिशोब करून पाहिला तर सुमारे २९५ उष्मांक आणि ८ ग्रॅमच्या वर प्रथिनं. म्हणजे १०० ग्रॅमला जवळपास १०० उष्मांक आणि २.८ ग्रॅम. एफ-१०० च्या अगदी शेजारी. भात आणि डाळ एकत्र खाल्ली की एकातली उणीव दुसरी भरून काढते, हे आपल्या वरणभाताला कधीपासून ठाऊक आहे. तांदळाऐवजी ज्वारी किंवा नाचणी चालते. शेंगदाणे मात्र निवडून घ्या. काळे पडलेले, बुरशी धरलेले, कडवट दाणे फेकून द्या, त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते यकृतावर बसतं. दाणे कधीही अख्खे देऊ नका, घशात अडकतात.

आता सात किलोच्या मुलाचा दिवस मांडू. हे खिमट १५० ग्रॅमची एक वाटी, अशा पाच वाट्या: ७५० उष्मांक, २१ ग्रॅम प्रथिनं. गाईचं दूध ३०० मिलिलिटर: २०० उष्मांक, साधारण १० ग्रॅम प्रथिनं. एक अंडं: ७० उष्मांक, ६ ग्रॅम. एकूण हजाराच्या वर उष्मांक आणि ३७ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे किलोमागे ५ ग्रॅमच्या पुढे. पावडरीचा एक चमचाही न घालता.

हा आदर्श दिवस झाला, रोज जमेल असं नाही. अंडं परवडत नसेल तर आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मिळतं, ते मुलानं तिथेच बसून खावं. घरी आणलं की ते चार जणांत वाटलं जातं, आणि त्यात कुणाचा दोष नाही. अंडं चालत नसलेल्या घरांत दही, ताजं पनीर किंवा खिमटात मोठा चमचाभर दुधाची भुकटी. बिनसायीच्या दुधाच्या भुकटीत १०० ग्रॅमला सुमारे ३५ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे एक मोठा चमचा घातला की ३ ग्रॅमच्या आसपास भर पडते. किनाऱ्याकडे सुकट किंवा जवळा भाजून, निवडून, कुटून ठेवला तर चिमूटभरानंही बरंच साधतं. फक्त आधी धुऊन खारटपणा काढा. सुजेच्या कुपोषणात मीठ कमीच बरं.

दुधानं पोट फुगत असेल, आंबूस पातळ शी होत असेल, तर काही दिवस दुधाऐवजी दही द्या. खराब झालेलं आतडं दुधातली साखर पचवायला वेळ घेतं.

तेलाबद्दल दोन शब्द जास्त, कारण कातडीसाठी ते फार दुर्लक्षित आहे. सोलापूर-मराठवाड्यातलं करडईचं तेल लिनोलेइक आम्लानं गच्च भरलेलं असतं, सूर्यफुलाचंही चांगलं. कातडी खडबडीत, मासोळीच्या खवल्यांसारखी सुटत असेल तर मुलाच्या जेवणात तेल पुरेसं जातंय का ते आधी पाहा. पुष्कळ घरांत मुलाला "पचत नाही" म्हणून तेल-तूप वगळतात आणि मग सांध्यांच्या भेगांवर तेच तेल चोळत बसतात.

सोबत पिवळं-हिरवं काहीतरी रोज: लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, पपई. अ जीवनसत्त्वाचा मोठा डोस आरोग्य केंद्रातून वयानुसार मिळतो. मागचा कधी दिला ते कार्डावर बघितल्याशिवाय दुसरा देऊ नये.

पायरी ६: कातडी वाचायला शिका

पहिल्या आठवड्यात कातडी वाईट दिसते. सूज उतरली की ती सैल होते, सुरकुतते, आणि आधी ताणलेले चट्टे भराभर सुटायला लागतात. घाबरू नका, ओढून काढू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उघड्या जागी पातळ, फिकी गुलाबी कातडी धरते. रंग एकसारखा व्हायला आणखी आठवडे, कधी महिने लागतात. ती फिकी कातडी कोड नव्हे, हे शेजारपाजारच्यांना आधीच सांगून टाकलेलं बरं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. दोन-तीन महिन्यांनी मुळाशी काळा पट्टा आणि टोकाला भुरे केस दिसले, तर आहार लागू पडतोय. दर पंधरवड्याला वजन, दंडघेर आणि पावलांवरची सूज तपासायची, आणि मांडीच्या एकाच जागेचा, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. अंगणवाडी ताईंना तो दाखवा. दंडघेर १२.५ च्या वर आणि दोन आठवडे सूज नाही, असं झालं की मूल उपचारातून बाहेर पडलं म्हणायचं.

तीन-चार आठवडे खाणं नीट चाललंय, वजन चढतंय, आणि कातडी तशीच, तर प्रथिनं वाढवत बसू नका. दुसरं काहीतरी कमी आहे. तोंडाभोवती, गुदाभोवती आणि बोटांच्या टोकांना लालसर, खपलीदार चट्टे असतील तर जस्ताचा संशय घ्या. कोपरं-गुडघ्यांवर काटे आल्यासारखे पुरळ असतील तर स्निग्धाम्लं, ब गटातली जीवनसत्त्वं आणि अ जीवनसत्त्वाकडे बघा. ओठांचे कोपरे चिरलेले असतील तर रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व. उन्हात उघड्या राहणाऱ्या जागी, म्हणजे गळ्याभोवती, हातांच्या मागच्या बाजूला आणि पावलांवर, दोन्हीकडे सारखे काळपट, उन्हानं भाजल्यासारखे पट्टे असतील तर पेलाग्रा, म्हणजे नायसिनची (ब-३ जीवनसत्त्वाची) कमतरता. दख्खनच्या पठारावर निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत हा आजार हैदराबादच्या संशोधकांनी १९६० च्या सुमारास नोंदवला होता. दारूचं व्यसन असलेल्या माणसांत तो आजही दिसतो. आणि खाज रात्री वाढत असेल, घरात इतरांनाही असेल, तर ती साधी खरूज आहे. तिला पोषणाशी काही देणंघेणं नाही.

पायरी ७: डबा कधी, आणि मोठ्यांचं काय

दोन वर्षांखालच्या मुलाला जिमची व्हे पावडर, म्हणजे दुधातली आटवलेली प्रथिनं, आपल्या मनानं कधीच देऊ नका. एवढी आटवलेली प्रथिनं बाहेर टाकायला मूत्रपिंडांना भरपूर पाणी लागतं, आणि जुलाब झालेल्या मुलात तेच नसतं. माल्टची पेयं हा दुसरा सापळा. बऱ्याच डब्यांत १०० ग्रॅमला ७ ते १० ग्रॅम प्रथिनं असतात आणि बाकी बहुतेक माल्ट आणि साखर. दोन चमचे म्हणजे २० ग्रॅम धरले तर प्रथिनं दोन ग्रॅमच्या आत. अंड्यात सहा असतात. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" या विभागातून काढायला लावली, ते योग्यच झालं.

मोठ्या माणसात गोष्ट थोडी वेगळी आहे. टीबीतून, मोठ्या शस्त्रक्रियेतून, भाजण्यातून, किंवा तोंडाच्या कर्करोगाच्या उपचारांतून उठलेल्या माणसाला किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागू शकतात. ४५ किलोच्या माणसाला ५४ ते ६८ ग्रॅम. ज्वारीच्या चार भाकरी, दोन अंडी, घट्ट वरणाच्या दोन वाट्या, मूठभर दाणे आणि अर्धा लिटर दूध यांत हे बसतं. टीबीच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती बँकेत येते का हे बघा, आणि आली तर अंडी-डाळीत घाला.

जो चावू किंवा गिळू शकत नाही, ज्याला दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं, ज्याला पडून राहून पाठीवर जखमा (शय्याव्रण) झाल्यात, त्याच्यासाठी पावडर खरंच उपयोगी ठरते. अशा वेळी ती दुधात, खिमटात किंवा ताकात मिसळून, जेवणाच्या जागी नव्हे तर जेवणाच्या जोडीला. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टर. दहा-बारा दिवस जवळपास काही न खाल्लेल्या, किंवा उंचीच्या मानानं फारच खंगलेल्या (बीएमआय १६ च्या खाली) माणसालाही पहिल्या दिवसापासून पावडर देऊ नका. रीफीडिंगचा धोका मोठ्यांनाही तितकाच आहे, सुरुवात दवाखान्यात, हळूहळू आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊनच व्हायला हवी.

कोलॅजनच्या पुड्या कातडीच्या नावानं विकल्या जातात, म्हणून विचारणा होते. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतं, आणि शरीर नायसिन बनवतं ते ट्रिप्टोफॅनमधूनच. कुपोषितासाठी ही खरेदी म्हणजे पैसे उकिरड्यावर. दूध आणि अंडं यांत सगळी आवश्यक अमिनो आम्लं असतात.

डबा घ्यायचाच असेल तर मागची बाजू वाचा. समोर लिहिलेलं "हाय प्रोटीन" सोडून द्या, १०० ग्रॅमला प्रथिनं किती आणि साखर किती ते बघा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक हवा. घटकांच्या यादीत कुठली जडीबुटीची अर्कं मिसळलेली असतील तर तो डबा परत ठेवा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तपासणीत ३६ प्रोटीन पावडरींपैकी जवळपास ७० टक्क्यांच्या लेबलावरचा प्रथिनांचा आकडा खरा नव्हता, आणि वनस्पतींचे अर्क घातलेल्या पावडरी यकृताला त्रास देऊ शकतात. बिल घ्या, सील बघा, आणि पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा दुधात, एका वेळेपुरतीच कालवा.